चकतीवरचे दात

चुलाण्याशेजारच्या भिंतीला दर हिवाळ्यात ओल यायची, आणि दर वसंतात निकान्द्रो तिच्यावर चुन्याचा हात मारून म्हणायचा, "यंदा बघ, अजिबात येणार नाही." त्या वर्षी लोरेताने त्याचं ऐकलं नाही. ईस्टरच्या सुट्टीत तिने सगळी भांडी बाहेर काढली, कपाट ओढून अंगणात ठेवलं आणि नवऱ्याच्या हातात घण दिला.

"आज भिंत पाड, नाहीतर उद्यापासून जेवायला पास्क्वारोझा मावशीकडे जा."

"ती निदान पोटभर वाढेल तरी," निकान्द्रो म्हणाला. पण त्याने बाह्या वर केल्या.

रोक्कासेर्रा म्हणजे माइएल्ला डोंगराच्या कुशीला चिकटलेली चाळीस-पन्नास घरं. त्यातली निम्मी बंद. निकान्द्रो शाळेची बस चालवायचा, आणि सकाळी वरच्या थांब्यावरून ती बहुतेक रिकामीच निघायची. लोरेता खाली ग्वार्दियाग्रेले गावात एका दंतवैद्याकडे कवळ्या बनवायची. प्लास्टर, गुलाबी मेण, बारीक कानशी आणि लोकांचे जबडे, यात तिची अर्धी जिंदगी गेली होती. माणसाचा चेहरा ती विसरायची, दात विसरायची नाही. घरात तिसरं माणूस म्हणजे सासरे, बेरार्दो. त्यांची कवळीही तिनेच केलेली. घरात मूल नव्हतं, आणि त्याबद्दल बोलणं नवराबायकोने केव्हाच सोडून दिलं होतं.

भिंत दगडी होती. पण चुलाण्याच्या बाजूला, कमरेच्या उंचीवर, घण पोकळ वाजला. दोन दगड आत ढासळले आणि मागे कोनाडा दिसला. निकान्द्रोने हात घालून एक तांब्याचं पातेलं काढलं, मग दोन डाव, आणि मग मेणकापडात गुंडाळलेली एक लांबलचक, जड वस्तू. कापड सोडलं तर आत मेंढीच्या चरबीत माखलेलं लोखंड होतं. एवढ्या वर्षांत चरबी दगडासारखी व्हायला हवी होती. ती मऊ होती. लोरेताच्या बोटांना लागली.

बेरार्दो बागेतून आले. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि ती हातात घेऊन उभे राहिले.

"आईचं लोखंड," ते म्हणाले.

त्या भागात त्याला दुसरं नाव नाही. सांडशीसारखे दोन लांब दांडे, टोकाला एकमेकींवर मिटणाऱ्या दोन जाड तव्या. आत पीठ ओतायचं, मिटायचं, विस्तवावर धरायचं. जी चकती निघते तिला फेरातेल्ला म्हणतात. पूर्वी मठांमध्ये प्रसादाची भाकरी असल्याच लोखंडांत भाजायचे. तिथून ती जत्रेतल्या विकणाऱ्यांच्या हातात आली, त्यांच्याकडून लोहारांकडे, आणि मग मुलीच्या लग्नात तिच्या नावाचं लोखंड घडवून द्यायची रीत पडली. प्रत्येक घराची नक्षी वेगळी. लग्नाकार्यात परात समोर आली की चकती बघूनच बायका सांगायच्या, ही अमक्याच्या घरची. या लोखंडाच्या एका तवीवर काचेच्या तावदानासारख्या चौकटी होत्या. दुसरीवर एक बसका पक्षी, भोवती वेल, खाली बेरार्दोंच्या पणजीच्या नावाची अक्षरं आणि १८७१ साल.

"इथे होतं तर," बेरार्दो म्हणाले. "एकोणीसशे त्रेचाळीसच्या हिवाळ्यात सैन्य गावात शिरलं तेव्हा लोकांनी तांबं-लोखंड असं भिंतीत चिणलं आणि डोंगर उतरले. आमचं आईने एकटीने चिणलं. लढाई संपल्यावर आम्ही किती विचारलं तिला. म्हणायची, मला आठवत नाही. मरेपर्यंत तेच म्हणाली."

"आता सापडलं ना," लोरेता म्हणाली. "रविवारी करते यात."

"नको पोरी. ठेवून दे. तुझं विजेचं आहे की."

पण शेजारच्या पास्क्वारोझा मावशीला तोवर बातमी लागली होती, आणि मावशीला एखादी गोष्ट नको म्हणणं कोणाला जमत नसे. तिने लोखंड उलटंसुलटं करून पाहिलं, दांडे वाजवून पाहिले आणि म्हणाली, "हे बघ, नव्या विजेच्या यंत्रात होतात त्याला चकत्या म्हणतात. फेरातेल्ले होतात ते यातच. पहिला चिकटणार, तो कोंबड्यांना टाक. एका बाजूला एक 'नमो मरिया' म्हण, उलटलं की एक 'आमच्या बापा'. घाई करायची नाही. आजकालच्या बायका अर्धी प्रार्थना गिळतात आणि मग म्हणतात कच्चा राहिला."

रविवारी लोरेताने लोखंड घासलं, तेलाचा हात दिला. अंडी, साखर, तेल, पीठ, लिंबाची साल आणि बडीशेप. चुलाण्यात ओकची लाकडं निखाऱ्यावर आली तेव्हा तिने पहिलं पळीभर पीठ ओतलं. पहिला चिकटला नाही. सोनेरी, मऊसर, जाड चकती आपोआप सुटून परातीत पडली. पक्ष्याचं एकेक पीस उठलेलं. तिने त्यावर दुसरी रचली, मग तिसरी, आणि ढीग झाल्यावर फडक्याने झाकून ठेवला.

जेवण झाल्यावर फडकं काढलं. ढीग संपत आला तेव्हा निकान्द्रोने सगळ्यात खालची उचलली आणि हसला.

"चोरून खायची एवढी घाई? मागितली असतीस तर दिली असती की."

चकतीच्या कडेचा एक घास नव्हता.

"मी नाही खाल्ली," लोरेता म्हणाली.

"मग मी खाल्ली. मी बाहेर लाकडं फोडत होतो ना, तिथूनच तोंड लांब केलं."

लोरेताने त्याच्या हातातून चकती घेतली. तिला हसू येत नव्हतं. घास लहान होता. कमान अरुंद, दात बारके, एकमेकांपासून सुटे. वरचे चार उमटलेले. खाली मधोमध दोन दातांची जागा मोकळी, तिथे चकती तुटली नव्हती, नुसती दबली होती. दुधाचे दात. खालचे दोन पडलेले. सहा वर्षांचं मूल, फार तर सात.

त्या वयाचं मूल गावात नव्हतं.

तिने ती चकती कागदात गुंडाळून कपाटात ठेवली. का ठेवली, हे तिला सांगता आलं नसतं.

पुढच्या रविवारी तिने मागचं दार आतून लावलं. निकान्द्रोला आणि सासऱ्यांना अंगणात बसवलं, खिडकीतून दोघं दिसतील असे. ढिगाच्या तळाची पहिली चकती काढली तर तिच्यावर घास होता. ती घेऊन लोरेता दुसऱ्या दिवशी कामावर गेली आणि जेवणाच्या सुट्टीत तिने त्यात पातळ प्लास्टर ओतलं. ठसा सुकल्यावर तिने तो खिडकीशी धरला. खालच्या मोकळ्या जागेत आता दोन नवे दात टोकं काढत होते. त्यांच्या धारेवर तीन-तीन बारीक उंचवटे होते. नुकताच हिरडीतून आलेला पक्का दात असाच असतो, करवतीसारखा. पुढे खाऊन खाऊन ते झिजतात.

दात यायला महिने लागतात. मधे एकच आठवडा गेला होता.

कोणत्याही शहाण्या माणसाने जे केलं असतं तेच तिने केलं. तेच पीठ विजेच्या यंत्रात भाजलं. एकाही चकतीवर काही नव्हतं. मग पुन्हा लोखंडात भाजलं. होतं. मग एके दिवशी भर दुपारी, घरात कोणी नसताना, तिने फक्त एक चकती करायची ठरवलं आणि ती हातातून सोडायची नाही असं ठरवलं. चकती गरम होती. लोरेता चुलाण्यासमोर बसली, ती डाव्या तळहातावर फडक्यात धरून, डोळे तिच्यावर लावून. निखारे तडतडत होते. बडीशेपेचा वास एकदम गडद झाला, कोणी झाकण उघडावं तसा.

"लोरेता!" अंगणातून मावशीची हाक आली. "अगं, चाळण आहे का रिकामी?"

"नंतर या!"

तिने मान वळवली, तेवढीच.

परत पाहिलं तर चकतीचा घास गेला होता.

तळहाताला काहीही जाणवलं नव्हतं. फक्त मनगटावर, आतल्या बाजूला, श्वास लागावा तशी ऊब लागत होती, आणि ती हळूहळू ओसरली.

त्या संध्याकाळी तिने सासऱ्यांना सगळं सांगितलं. निकान्द्रोला सांगितलं असतं तर त्याने थट्टेवारी नेलं असतं. बेरार्दो बागेतल्या बाकावर बसून शेंगा सोलत होते. ते ऐकत राहिले, हात थांबला नाही. मग तिने पहिली चकती त्यांच्यापुढे धरली, पण अजून कागद उलगडला नव्हता, तोच त्यांनी विचारलं,

"खालचे दोन नाहीत?"

लोरेताने कागद उलगडून बाकावर ठेवला.

"तुम्हाला कसं..."

"मीच काढले ते. दोरा बांधून दाराच्या कडीला. एर्सिलियाचे. माझ्या धाकट्या बहिणीचे." त्यांनी शेंगांची टोपली बाजूला ठेवली. "खूप रडली. आई म्हणाली, रडू नकोस, पहिली चकती तुझी. आमच्या घरी पहिली कोंबड्यांना जायची नाही, तिला जायची. चिकटलेली, जळलेली, कशीही असो, हात पसरून उभी असायची. आणि दुसऱ्या दिवशी ते सैन्यातले लोक आले. गाव सोडा म्हणाले. बर्फ एवढं होतं. वडील म्हाताऱ्या आजीला पाठीवर घेऊन निघाले, एर्सिलियाला शेजाऱ्यांच्या खेचरावर बसवलं, घोंगडीत गुंडाळून, दोरीने बांधून. खेचर पुढे गेलं. आम्ही खालच्या गावात पोहोचलो तेव्हा ते तिथे उभं होतं. घोंगडी होती. दोरी जशीच्या तशी बांधलेली होती. गाठही सुटली नव्हती."

"आणि ती?"

"तेच तर." बेरार्दोंनी चकती हातात घेतली आणि अंगठा त्या दबलेल्या जागेवरून फिरवला. "सापडलीच नाही. बर्फ वितळल्यावर सगळा डोंगर पालथा घातला. एक चिंधीही नाही."

त्यांनी चकती परत कागदात गुंडाळली. मग म्हणाले, "नवे दात आले म्हणतेस?"

"आले."

"सरळ आहेत?"

"सरळ आहेत, बाबा."

ते रडले नाहीत. फक्त मान हलवली, चांगली बातमी कळल्यावर हलवावी तशी.

त्यानंतर रविवारची वाट बघणं सोडून दोघं आठवड्यात मधेच कधीतरी चूल पेटवू लागले. निकान्द्रो म्हणायचा, "सुनेला आणि सासऱ्याला गोडाचा नाद लागला, आता मलाच विजार सैल करून घ्यावी लागेल." पहिली चकती आता ते ढिगाखाली ठेवत नसत. निळ्या काठाच्या बशीत वेगळी ठेवायचे आणि स्वतः अंगणात जाऊन बसायचे. काही वेळाने आत यायचे. घास असायचाच. लोरेता तो कामावर न्यायची आणि ठसा घ्यायची.

वरचे पुढचे दोन आले, रुंद, जरा पुढे झुकलेले. एका ठशात तर एकच अर्धा आलेला होता, आणि तो पाहताना लोरेता एकटीच हसली. बाजूचे आले. मग सुळे, उजवा आधी, डावा जरा वर, गर्दीत वाट काढत आलेला. तिला वाटलं, हिला तार लावायला हवी होती. खिडकीखालच्या फळीवर ठशांची ओळ वाढत होती.

एकदा डॉक्टर त्या फळीसमोर थांबले. "कोणाचे हे, लोरेता?"

"नात्यातली मुलगी आहे."

"सगळे एकीचेच? अगं, किती वर्षं येतेय ही तुझ्याकडे?"

तेवढ्यात फोन वाजला, आणि त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

उन्हाळा संपता संपता धारेवरचे उंचवटे झिजून गेले. जबडा भरला. एका चकतीवर वरच्या दाताचा कोपरा तुटलेला दिसला, नव्याने, अक्रोड फोडायला जावं आणि व्हावं तसा. लोरेताच्या स्वतःच्या दाताचा तसाच तुकडा उडाला होता, तिच्या तिशीत. त्या दिवशी तिने पहिल्यांदा दोन ठसे शेजारी ठेवले, स्वतःचा आणि तो. झीज सारखी होती. हिरड्या सारख्याच खाली गेलेल्या.

माझ्या वयाची झाली, तिच्या मनात आलं. आणि लगेच पुढचं आलं, ते तिला सहन झालं नाही.

घरी जाऊन तिने लोखंड चादरीत गुंडाळलं आणि माळ्यावर, जुन्या पाळण्याच्या मागे लपवलं.

बेरार्दोंनी चार दिवस काही विचारलं नाही. पाचव्या दिवशी दुपारी ते स्वयंपाकघरात आले आणि लोखंड टांगायच्या रिकाम्या खिळ्याकडे बघत उभे राहिले.

"कुठे आहे?"

"बाबा, बस झालं आता."

"कुठे ठेवलंस, लोरेता?"

"तुम्हाला दिसत नाहीये का काय होतंय ते? एका भाजणीत तिची वर्षं जातात. मुलगी होती, बाई झाली. अजून दहा वेळा केलं तर म्हातारी होईल, आणि त्यानंतर? मी माझ्या हाताने तिला तिथवर नेऊ?"

"मग सहा वर्षांची राहून तिने काय करायचं?" बेरार्दोंचा आवाज चढला. तो तसा चढलेला तिने कधी ऐकला नव्हता. "हात पसरून उभी राहायचं? माझ्या आईने तेच केलं. लोखंड भिंतीतच राहू दिलं आणि आठवत नाही म्हणाली. तिला आठवत होतं. ती रोज त्या भिंतीकडे पाठ करून बसायची. मी लहान होतो, मला वाटायचं तिला शेक हवाय."

लोरेताही त्या खिळ्याकडे बघू लागली.

"उपाशी आहे गं ती," ते खालच्या आवाजात म्हणाले. "तेवढंच आहे. बाकीचं मला कळत नाही, तुलाही कळत नाही."

तिने शिडी आणली. माळ्यावर चढली. चादर सोडली तेव्हा लोखंड कोमट होतं, पण माळ्यावर ऊन येतं म्हणून असेल, असं तिने स्वतःला सांगितलं. दिवस ढगाळ होता.

त्यानंतर लोरेता मनाशी अंदाज बांधत गेली. पंचेचाळीस. पन्नास. खालचा एक पुढचा दात गेला. मग त्याच्या शेजारचा, मग एकेक करून खालचे सगळे. वर दोनच उरले, लांब दिसणारे, मुळं उघडी पडलेले. हिवाळा लागला, निकान्द्रोच्या बसला साखळ्या बांधायची वेळ आली, तोवर एर्सिलिया बेरार्दोंपेक्षा चार वर्षांनी लहान अशा बाईच्या वयाला पोहोचली होती. म्हणजे खरोखर आज जेवढी असायला हवी तेवढी. लोरेता धास्तावून पुढच्या चकतीची वाट बघत होती. पण पुढच्या चकतीवर काही बदललं नाही. त्याच्या पुढच्यावरही नाही. तिची वर्षं आता इतरांच्या वर्षांसारखी चालू लागली होती.

"थांबली," लोरेताने सांगितलं.

"थांबली नाही," बेरार्दो म्हणाले. "आपल्याबरोबर आली."

फक्त दात मात्र टिकण्यासारखे नव्हते. डोंगरातल्या त्या पिढीच्या कोणाचेच टिकले नव्हते. फेब्रुवारीत वरचे दोन एकदमच गेले. मग चकतीवर घास दिसेना. कडेला नुसती ओली, चेपलेली कमान असायची, हिरड्यांची, आणि नक्षीतला पक्षी पुसट झालेला. एकदा चकती सबंध होती, फक्त चोखून पांढरी पडली होती.

बेरार्दो ती बशी हातात घेऊन चुलाण्यासमोर बसले. त्या दिवशी निकान्द्रोही घरात होता. त्याने थट्टा केली नाही. बापाकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि टोपी घेऊन बाहेर गेला. त्याला कधीपासून माहीत होतं, हे लोरेताने कधीच विचारलं नाही.

"माझी केलीस," बेरार्दो म्हणाले. "तिची कर."

"माप नाही, बाबा. नुसत्या चकतीवरून कवळी होत नाही. सगळा जबडा लागतो."

"मग माप माग तिच्याकडे."

ते इतक्या सहज म्हणाले, की लोरेता दुसऱ्या दिवशी कामावरून गुलाबी मेणाचे दोन पट्टे घेऊन आली. कोमट पाण्यात मऊ केले, घोड्याच्या नालासारखे वळवले, वरचा एक, खालचा एक, आणि चकतीशेजारी बशीत ठेवले. तिने हे आयुष्यभर केलं होतं. म्हाताऱ्या बायकांना ती नेहमी जे सांगायची ते तोंडातून निघूनच गेलं.

"तोंड उघडा, मावशी. हळूच चावा. जोर लावू नका. आणि हलू नका जरा वेळ."

घरात कोणी नव्हतं. ती अंगणात गेली. बर्फ भुरभुरत होतं. तिने मनातल्या मनात एक 'नमो मरिया' म्हटली, मग एक 'आमच्या बापा', आणि आत आली.

मेणावर दोन्ही जबडे उमटले होते. स्वच्छ, खोल, न हललेले. इतकं चांगलं माप तिला क्वचितच कोणी दिलं होतं.

कवळी करायला तिला तीन आठवडे लागले, कारण ती कामाच्या वेळेत करत नव्हती. दात तिने मुद्दाम अगदी सरळ लावले नाहीत. डावा सुळा जरासा वर ठेवला. वरचे पुढचे दोन किंचित झुकलेले. कोपरा तुटलेला नको, तेवढं मात्र तिने दुरुस्त केलं.

ईस्टरच्या रविवारी चर्चला निघण्याआधी तिने लोखंडात एकच चकती भाजली. बेरार्दोंनी स्वतः ती बशीत ठेवली आणि शेजारी पाण्याच्या वाटीत कवळी. तिघंही निघाले. प्रार्थनेत लोरेताचं लक्ष नव्हतं. निकान्द्रोने एकदा तिचा हात दाबला. बाहेर आल्यावर पास्क्वारोझा मावशी म्हणाली, "घरी पाहुणे आलेत का गं तुमच्याकडे? मघाशी चर्चला येताना खिडकीतून गुणगुणणं ऐकू येत होतं. आवाज ओळखीचा वाटला, पण कोणाचा ते आठवेना."

"रेडिओ असेल," निकान्द्रो म्हणाला.

घरी आले तेव्हा बशी रिकामी होती. पहिल्यांदाच. एक कण नव्हता. वाटीतही फक्त पाणी होतं.

बेरार्दो खुर्चीवर बसले आणि त्यांनी दोन्ही हात तोंडावर धरले. ते हसत होते की काय, लोरेताला समजलं नाही, आणि ती समजून घ्यायला थांबलीही नाही. तिने पीठ भिजवायला घेतलं. त्या दुपारी त्यांनी लोखंडावर परातभर फेरातेल्ले केले, मावशीला बोलावलं, आणि चार माणसांच्या टेबलावर पाच बशा मांडल्या. पाचवी कोणाची, हे मावशीने विचारलं नाही. उठताना मात्र ती त्या खुर्चीला वळसा घालून गेली.

सोमवारी सकाळी लोरेता स्वयंपाकघरात आली तेव्हा कवळी टेबलावर होती, निळ्या काठाच्या बशीत, दात वर करून ठेवलेली. खालच्या जबड्याच्या उजव्या कडेला, आतून, लाल डाग होता. नवी कवळी तिथे हमखास टोचते. लोक दुसऱ्याच दिवशी परत आणून देतात आणि गालावर बोट ठेवून जागा दाखवतात.

ती रुमालात घेऊन लोरेता कामावर गेली. ईस्टरच्या सोमवारची सुट्टी, दवाखान्यात कोणी नव्हतं, खोली गारठलेली. फळीवरचे ठसे, रांगेतल्या दुसऱ्यांच्या कवळ्या, कानशी, सगळं हाताला थंडगार लागत होतं. तिने दिवा लावला, डाग पुसला आणि कड घासायला सुरुवात केली. घासत असताना तिच्या लक्षात आलं की घरापासून इथवर, डोंगर उतरून, अर्धा तास होऊन गेला होता, आणि कवळी अजून निवली नव्हती. आत्ताच तोंडातून काढून हातात दिल्यासारखी होती.

तिने हात जरा भराभर चालवला. कोणीतरी ताटकळत बसलं होतं.